बिनलग्नाची वरात

मिरजेत चांदसाहेबांना सगळे चांदमास्तर म्हणत, आणि म्हणावंच लागे. नुसतं चांदसाहेब म्हटलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवायचे ते. वय बावन्न, अंगानं भरलेले, मिशीला रोज सकाळी पीळ. बारा माणसांचा बँड होता त्यांचा. स्वतः क्लॅरिओनेट वाजवायचे, आणि काय वाजवायचे म्हणता! रडून थांबलेली नवरीची आई पुन्हा डोळ्यांना पदर लावायची. पण माणूस भारी तापट. एखाद्याचा सूर चुकला तर एक वेळ सोडतील, कोटाचा हुक उघडा दिसला की त्या माणसाची धडगत नव्हती.

या हुकाचं आधी सांगायला हवं. बँडचा कोट लाल, पितळी बटणांचा, उभ्या कडक कॉलरचा. कॉलरच्या तोंडाशी, बरोबर गळ्यावर, एक हुक. मास्तरांचे उस्ताद पलटणीच्या बँडमधून आलेले. त्यांनी शिकवलं होतं की हुक लावलेल्या माणसाला लोक मास्तर म्हणतात, सुटलेल्याला ‘ए वाजंत्र्या’. मास्तरांनी ते आयुष्यभर धरून ठेवलं. जेठाच्या उन्हात घामानं निथळत असले तरी कुणी हुकाला हात लावायचा नाही.

बाकीच्या अकरा जणांत हे मनापासून पटलेला एकच, साइड ड्रम वाजवणारा केरू. केरूच्या वडिलांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली हलगी खाली ठेवली ती कायमची. कुणीही हाक मारावी आणि दारात उभं राहून वाजवावं, हे त्यांनी बंद केलं. पोराच्या हातात मात्र ताल होता, तो कुठं जाणार? केरू बँडमध्ये आला. पहिल्या दिवशी कोट घालून आरशासमोर इतका वेळ उभा राहिला, की मास्तरांनीच त्याला हळू आवाजात निघायला सांगितलं. तेव्हापासून या दोघांचं जमलं. गाणं बदलायचं असलं की मास्तर क्लॅरिओनेट तोंडातून न काढता मान डावीकडं वळवून केरूकडं बघत. तेवढी खूण केरूला पुरायची.

अडुसष्ट सालच्या लग्नसराईत हे मास्तर उंब्रजला, नवरदेवाच्या ऐन मिरवणुकीत, भर दुपारी धाडकन खाली पडले. मिनिटभरात उठून बसले, पण नवऱ्याच्या मामानं तेवढ्यात जाहीर केलं की मास्तर पिऊन आलेत. ज्या माणसानं जन्मात ताडीसुद्धा चाखली नव्हती, त्याला हे ऐकावं लागलं. पंधरा दिवसांनी तासगावात पुन्हा पडले. मग इस्लामपुरात. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं ऊन बाधलं. एका डॉक्टरनं फुंकून फुंकून काळीज कमजोर झालंय असं ठरवून टाकलं आणि क्लॅरिओनेट कायमचं बंद करायला सांगितलं.

मास्तरांच्या बायकोचं, अख्तरबींचं, मत वेगळंच होतं. कोट शिवला एक्कावन्न साली, मास्तरांची मान त्यानंतर दीडपट झाली. कॉलर उसवून सैल करून देते, असं त्या तीन वर्षं म्हणत होत्या. उस्तादांनी समोर बसून माप घेतलेला कोट आहे, त्याला कात्री लागणार नाही, असं मास्तर तीन वर्षं सांगत होते.

शेवटी गावातल्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथले डॉक्टर नुकतेच अमेरिकेतून शिकून आलेले. त्यांनी छातीला तारा लावून कागद काढला, तो साफ निघाला. मग डॉक्टर म्हणाले, इथं निवांत पडलेलं काळीज काय बोलणार, ते घरी कसं वागतं ते बघू. त्यांच्याकडं एक नवीन यंत्र होतं. छातीला चिकटवायच्या तारा, आणि त्या जिथं जातात ती खांद्याला अडकवायची चामडी पट्ट्याची पेटी. पेटीत टेप. दहा तास काळजाचा ठोका न् ठोका त्या टेपवर उतरणार. रोजचं जे काही करता ते सगळं करा, आणि काय कधी केलं ते वेळ घालून वहीत लिहा, एवढंच डॉक्टरांचं सांगणं.

शनिवारी सकाळी यंत्र लावून मास्तर घरी आले आणि घोळ झाला. अहो, काळजाची पेटी गळ्यात घेऊन आलेला माणूस! त्याला कोण काम करू देईल? अख्तरबींनी गादी घातली, लोड लावला. गल्लीतली माणसं पेटी बघायला येऊन गेली आणि सगळ्यांनी एकच सल्ला दिला, मास्तर, हलू नका. मास्तरही हलले नाहीत. अख्तरबी मराठी चौथी शिकलेल्या, वही त्यांच्याकडं. त्यांनी इमानेइतबारे लिहिलं: आठ वाजता चहा. नऊ वाजता बसले. दहा वाजता बसलेलेच.

संध्याकाळी डॉक्टरांनी टेप दुसऱ्या मशिनवर लावून तपासली. काळीज एकदम उत्तम. मग वही वाचली आणि कपाळाला हात लावला. मास्तर, तुम्ही रोज हेच करता का, असं विचारल्यावर मास्तरांची मान खाली गेली. डॉक्टरांनी मग सरळच सांगितलं. यंत्र उसनं आणलेलं, सोमवारी मुंबईला परत जाणार. हातात फक्त रविवार. त्या दिवसात काही सापडलं नाही, तर क्लॅरिओनेट बंद ठेवा असंच मला म्हणावं लागेल, कारण पुढच्या खेपेला उठाल याची खात्री मी देऊ शकत नाही.

मास्तर घरी आले ते थेट पेटाऱ्यापाशी. क्लॅरिओनेट बाहेर काढलं, पुसलं, परत ठेवलं, पुन्हा काढलं. वयाच्या अकराव्या वर्षापासून दुसरं काही केलं नव्हतं त्यांनी. मेलो तरी चालेल पण वाजवायचं, असं म्हणायला तोंड उघडलं, समोर अख्तरबी दिसल्या, तोंड मिटलं. भीती वाटत होती त्यांना, सरळ भीती. मरणाची थोडी, आणि न वाजवता जगण्याची जास्त.

लग्नसराई तर सरलेली. मास्तरांनी केरूला बोलावलं आणि उद्या चारला सगळ्यांना पुऱ्या ड्रेसात आण म्हणून सांगितलं. लग्न कुणाचं, असं केरूनं विचारलं. कुणाचंच नाही, असं मास्तर म्हणाले. केरूनं एकदा पेटाऱ्याकडं बघितलं, बरं म्हणाला आणि गेला.

रविवारी चार वाजता मिरजेच्या त्या गल्लीतून जी वरात निघाली, तशी तिथं आधी निघाली नव्हती आणि नंतरही नाही. पुढं मास्तर, लाल कोट, हुक गच्च, खांद्याला सकाळी पुन्हा लावून आणलेली यंत्राची पेटी, कोटाच्या बटणांमधून आत गेलेल्या तारा. मागं अकरा वाजवणारे. आणि बाजूनं अख्तरबी, एका काखेत गजराचं घड्याळ, हातात वही नि पेन्सिल. नवरा नाही, नवरी नाही, करवल्या नाहीत. कोपऱ्यावरचा दुकानदार बाळासो गिऱ्हाईक सोडून बाहेर आला आणि घोडा मागं राहिला काय म्हणून वाकून बघायला लागला. धोंडुबाई म्हातारी आरतीचं ताट घेऊनच आली. ओवाळायला कुणी सापडेना, तेव्हा तिनं मास्तरांनाच ओवाळलं आणि शंका नको म्हणून पेटीवरूनही ताट फिरवलं.

मास्तर त्या दिवशी असे वाजवत होते की अकरा जणांतले दहा विसरून गेले आपण कशासाठी आलोय ते. केरू तेवढा विसरला नाही. त्याची नजर मास्तरांवरून हलली नाही. चौक आला, गाणं बदलायचं झालं. मास्तरांनी सवयीनं मान डावीकडं वळवली. केरूनं खूण पकडली, आणि त्याच क्षणी मास्तरांचे डोळे फिरलेले पाहिले. गळ्यातला ड्रम भिरकावून तो धावला आणि ते जमिनीला टेकायच्या आत त्यांना झेललं. आधी काय केलं असेल, तर त्यांचा हुक काढला.

अख्तरबी धावत पुढं आल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. तरी त्यांनी घड्याळ बघितलं आणि लिहिलं. मास्तरांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो पेटी फुटली का, हा.

सोमवारी डॉक्टर टेप बघता बघता एका जागी थांबले. काळजाचा ठोका चालू होता, आणि मग पाच सेकंद काहीच नाही. नुसती सपाट रेघ. मग पुन्हा ठोका. त्यांनी वही ओढली आणि त्या वेळेची नोंद मोठ्यानं वाचली.

“तीन वाजून पन्नास मिनिटं. हुक लावला. मी नको म्हणत होते. चार वाजून एकवीस मिनिटं. केरूकडं मान वळवली. पडले.”

डॉक्टरांनी कोट आणायला लावला, मास्तरांना घालायला लावला, आणि हुक लावल्यावर कॉलरीत बोट घालायचा प्रयत्न केला. बोट शिरेना. मग ते हसायलाच लागले. गळ्याच्या बाजूला एक नस असते म्हणाले. तुमची ती जरा जास्तच हळवी आहे. मान वळली की कॉलर तिच्यावर दाबते आणि काळीज थांबतं. फुंकण्याचा काही संबंध नाही. क्लॅरिओनेट खुशाल वाजवा, हा हुक मात्र जन्मात लावू नका. आणि पुन्हा चक्कर आली तर यायचं.

दोघं घरी आले. एवढं मोठं यंत्र मुंबईहून आलं आणि मी तीन वर्षं सांगत होते तेच सांगून गेलं, असं अख्तरबी म्हणाल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती कात्री आणून समोर ठेवली. मास्तरांनी कोट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कॉलर उसवून होईस्तोवर खिडकीबाहेर बघत राहिले.

तुळशीच्या लग्नानंतर पहिली सुपारी उंब्रजचीच आली, त्याच घरची, धाकट्या मुलाच्या लग्नाची. मिरवणुकीच्या तोंडाशी मास्तर उभे राहिले. गळा मोकळा, कॉलर दोन्हीकडं पडलेली. भर रस्त्यात उघडं उभं राहिल्यासारखं वाटत होतं त्यांना. नवऱ्याचा तोच मामा समोर होता. मास्तरांनी मागं वळून बघितलं, तर केरू स्वतःचा हुक काढत होता. त्याचं बघून झांजवाल्याचा हात गळ्याकडं गेला, मग ढोलवाल्याचा.

“केरू, हुक लाव,” मास्तर म्हणाले. “मला आजार हाय. तुला काय झालंय?”

केरू हसला. हुक लावला. सगळ्यांनी लावले. मास्तरांनी क्लॅरिओनेट ओठाला लावलं आणि बँड निघाला. वेशीपाशी गाणं बदलायचं झालं तेव्हा त्यांनी मान डावीकडं पुरती वळवली, केरूला खूण दिली, आणि उभ्या उभ्या पुढचं गाणं धरलं.