अकरा फुटांची वाट

मी मोजणीदार होतो. चौतीस वर्षं जिल्हाभर लोकांची शेतं मोजली. नेरपासून उमरखेडपर्यंत असा तालुका नाही, जिथल्या धुऱ्यावर उभं राहून मी कोणाच्या तरी शिव्या खाल्ल्या नाहीत. दोन शेतांमधला हा वीतभर उंचीचा धुरा, पण त्यासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हातभर जमीन इकडची तिकडे झाली की माणसं कोर्टाची पायरी चढतात आणि नातवंडांच्या वयापर्यंत उतरत नाहीत. त्यामुळे माझा स्वभाव तापट झाला असं मी म्हणतो. तो आधीपासूनच तसा होता असं बायको म्हणते.

आमची कुत्री याच नोकरीत मिळाली. पावसाळ्यात एका शेतावर मोजणी चालू असताना गुळाच्या रंगाचं एक पिल्लू येऊन नकाशांच्या थैलीत शिरलं आणि झोपलं. संध्याकाळी थैली घरी आली तेव्हा बायकोने आधी माझ्याकडे पाहिलं, मग थैलीत पाहिलं आणि दूध तापवायला गेली.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितलं. एकट्याने हात हलवत चालणं मला जमेना, म्हणून कुत्रीला बरोबर घेतलं. तेव्हा कळलं की ज्या जिल्ह्याचा कोपरा न् कोपरा मी मोजला, त्यात कुत्र्याला घेऊन फिरायला जागाच नाही. आमच्या गावात बाग आहे. तिच्या फाटकावर पाटी होती: फुले तोडू नयेत, गवतावर बसू नये, कुत्र्यांना सक्त मनाई. पहिले दोन नियम रोज सकाळी सगळ्यांच्या देखत मोडले जायचे. पूजेची परडी घेऊन येणारे आजोबा जास्वंदीचं झाड बोडकं करायचे आणि त्याच गवतावर बसून दम खायचे. तिसरा नियम मात्र आमच्यासाठी राखून ठेवला होता. मी चौकीदाराशी भांडलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, मले आवडते कुत्रं, पन पाटी मी नाही लावली." शाळेच्या मैदानावर गेलो तर तिने क्रिकेटचा चेंडू पळवला. तलावाच्या पाळीवर तिथली गावठी कुत्री आम्हाला हद्दीत घेईनात. जंगलाचा तर प्रश्नच नव्हता. तिथे कुत्रं नेऊ देत नाहीत आणि तेच बरोबर आहे. हरणाला आपल्या कुत्र्याचा रोग लागला तर दोष हरणाचा नसतो.

शेवटी सापडली ती पांदण. शेताशेतांमधून बैलगाडी जाण्यासाठी सरकारी नकाशात राखलेली वाट म्हणजे आमच्याकडची पांदण. आमच्या वस्तीमागच्या नाल्यावर एक रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आहे. तो ओलांडला की वाट सुरू होते. एका बाजूला कपाशी आणि तूर, दुसऱ्या बाजूला बाभळींचं रान. पुढे तीन कडुनिंब, मग कोणीतरी टाकून दिलेला सिमेंटचा फुटका पाइप, मग एक विहीर, आणि शेवटी बोडकी टेकडी. टेकडीवर एकच मोहाचं झाड. जायला पंचवीस मिनिटं, यायला पस्तीस, कारण येताना तिला प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासायची असे. तिथे कोणी अडवलं नाही, कोणी नाक मुरडलं नाही. साखळी सोडली की ती पुढे आणि मी मागे. सात वर्षं आम्ही ती वाट चाललो. माझी साखर उतरली, पोट उतरलं, आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे आवाजही जरा उतरला.

कडेचं शेत ज्याचं, तो शेतकरी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. डोक्याला दुपट्टा, तोंडात शब्द मोजके. "रामराम साहेब" म्हणायचा आणि कामाला लागायचा. मला तो फारसा आवडत नव्हता, हे कबूल करतो. वाटेच्या अगदी काठापर्यंत तो पेरायचा. घरी येऊन मी बायकोला सांगायचो, "पांदण खाऊन राह्यला तो हळूहळू. माह्या नजरेतून सुटत नाही."

मागच्या वर्षी कुत्रीचे डोळे गेले. आधी पायरी चुकली, मग दारावर डोकं आपटलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या की डोळ्याच्या आतला पडदाच गेला आहे, याला ऑपरेशन नाही. माझं तोंड पाहून त्यांनी समजावलं, "काका, एखादी पाठ असलेली वाट आहे का? तिथे रोज न्या. कान आणि नाक शाबूत आहे, ती चालेल. चालणं बंद झालं तर मात्र जागेवर बसेल, आणि एकदा बसली की फार दिवस काढायची नाही."

पाठ असलेली वाट तिच्याकडे एकच होती. रपट्यावर ती पाय चाचपत टाकायची, पण पलीकडची माती पायाला लागली की शेपूट वर. तीन कडुनिंब ती वासाने मोजायची. पाइपाला डावीकडून वळसा, विहिरीपाशी एक खोल श्वास, मग टेकडीचा चढ. कोणी नवखा पाहता तर तिला दिसत नाही हे त्याला कळलं नसतं. त्या तासाभरात मलाही ते आठवत नसे.

कार्तिकात, कापूस वेचायला आला होता तेव्हा, एका सकाळी वाटेवर लोखंडी खांबांची रास दिसली. बाभळींच्या कडेने, म्हणजे वाटेच्या पलीकडच्या बाजूने, ओळीने खड्डे खणलेले. मला क्षणात कळलं. कुंपण तिथून गेलं की आमची वाट आत, त्याच्या शेतात. तो खड्ड्यापाशी पहार घेऊन उभा होता.

"हे काय चालू हाये?" मी म्हणालो.

"तार ओढून राह्यलो साहेब. करंटची झटका मशीन लावतो. डुकरं काही ठेवून नाही राह्यले. कापूस त कापूस, तूरबी आडवी पाडतात."

"आन वाट?"

त्याने पहार पुन्हा खड्ड्यात घातली. तिथेच माझं डोकं फिरलं. आंधळं जनावर पायाशी उभं होतं, उद्यापासून ते कुठे जाणार या भीतीनेच मी ओरडलो असेन, पण ओरडलो ते साहेबासारखा. "हे पांदण हाये भाऊ, सरकारी पांदण! तुमच्या बापाची नाही! चौतीस वर्षं मोजणी केली म्या. अर्ज देतो, मोजणी आणतो, खांब उपटून ठेवतो!"

त्याने पहार खाली ठेवली. माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "मोजून घ्या न साहेब," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्यापेक्षा जास्त कोनाले समजते? उद्या सकाळी या. नकाशा हाये माह्याकडं."

दुसऱ्या दिवशी मी टेप, चष्मा आणि सगळा रुबाब घेऊन गेलो. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या मोजणीचा नकाशा काढला. घडीवर विरलेला होता, पण आकडे स्वच्छ. रपट्याजवळचा हद्दीचा दगड जागेवर होता. तिथून धरून आम्ही टेप ओढत निघालो, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. माझ्या हिशेबाने दुसरा दगड वाटेच्या अलीकडे, कपाशीत निघायला हवा होता. टेप मात्र वाट ओलांडून पलीकडे बाभळीत शिरला. मी म्हणालो, चुकलं, पुन्हा धरा. पुन्हा धरलं. पुन्हा बाभळीत. शेवटी या वयात रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, काट्यांत गुडघ्यांवर शिरलो. दगड तिथे होता, तिरपा झालेला, अर्धा मातीत. त्याच्या पलीकडे खोल घळ. खरी पांदण ती होती. कधीकाळी नाल्याच्या पाण्याने खरवडून नेलेली आणि आता बाभळींनी गच्च भरलेली.

कपाशीच्या काठापासून दगडापर्यंत मोजलं. अकरा फूट. आम्ही सात वर्षं जी चाललो, ती सगळी वाट त्याच्या शेतात होती. खरोखर त्याच्या बापाची होती. त्याने सांगितलं, पांदण बुजली तेव्हा बापाने शेताच्या काठाच्या चार ओळी पेरायच्या सोडल्या, म्हणजे गाड्याघोड्यांना जाता यावं. बाप गेल्यावर हाही सोडत आला.

मी नकाशा पुन्हा पाहिला, काहीतरी खोट सापडेल म्हणून. आकडे वळणदार होते, तीनच्या शेपटीला उगाच एक वेलांटी. ही वेलांटी मी ओळखत होतो. खाली मोजणीदाराची सही होती. ती माझी होती.

मी मटकन धुऱ्यावर बसलो.

"मले वाटलं, तुमाले मालूम हाये," तो म्हणाला. "तुमीच त मोजलं होतं. माहं नवीन लग्न झालं होतं तवा. आमच्या घरी चहा घेतला तुमी."

हजारो शेतं मोजली. हे एक आठवत नव्हतं, तो चहाही आठवत नव्हता. मी विचारलं, "मंग इतके वर्षं बोलले काहून नाही? कालबी बोलले नाही. म्या एवढा बोललो तुमाले."

"काय बोलू? तुमी चालत होते, हे चालत होती. चालल्यानं जमीन झिजते काय?"

मी उठलो. "तुमचं बरोबर हाये. रोवा खांब," एवढंच म्हणालो आणि तिला घेऊन घरी आलो. वाट मागायला तोंड नव्हतं. आयुष्यभर लोक माझ्याकडे जमीन मागायला आले, मी कधी कोणाकडे मागितली नव्हती. आणि आदल्याच दिवशी त्याच्या बापापर्यंत गेलो होतो.

चार दिवस आम्ही तिकडे गेलो नाही. तिला वस्तीतल्या डांबरी रस्त्यावर नेलं. वीस पावलांवर ती बसली आणि उठेना. उचलून आणावं लागलं. रोज ठरल्या वेळी ती फाटकाला नाक लावून उभी राहायची, ऊन वर आलं की हळूच आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. चौथ्या दिवशी तिने दूध-भाकर हुंगली आणि सोडून दिली. बायकोने ताटली उचलली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आता काहून बसले घरात? शिव्या द्याले जाता येते, आन माफी मागाले जाता येत नाही? जा न. आपल्यासाठी नका मागू, हिच्यासाठी मागा."

पाचव्या दिवशी निघालो. रपट्यापर्यंत वाक्य घोकत होतो: भाऊ, माझं चुकलं, फक्त सकाळी तासभर आत येऊ द्या. रपटा ओलांडला आणि घोकलेलं सगळं विसरलो.

बाभळींकडचे खड्डे बुजवलेले होते. खांब उभे होते, पण वाटेच्या अलीकडे, कपाशीच्या काठावर. अकरा फूट आत. वाट जशीच्या तशी बाहेर मोकळी. आणि तारेच्या हातभर पुढे बांबू रोवून, या टोकापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जुनी लुगडी आणि साड्या बांधलेल्या. डुकरांना बुजवायला आमच्याकडे शेताभोवती साड्या बांधतात, पण ज्याच्याकडे झटका मशीन आहे त्याला साड्यांची गरज नसते.

तो विहिरीकडून आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मशीन सकायी बंद करतो मी. पन एखांद्या दिवशी भुललो त? तिले दिसत नाही न. आधी कपडा लागला पाह्यजे तिच्या नाकाले."

कपाशीत त्याची बायको कापूस वेचत होती. कमरेची ओटी सावरत तिने तिथूनच हाक दिली, "ते हिरवं माह्या लग्नातलं हाये साहेब. तिले सांगा, दात नको लावू म्हना!"

कुत्री पुढे गेली होती. पहिल्या साडीला तिचं नाक लागलं. थबकली, हुंगलं, खालपासून वरपर्यंत पुन्हा हुंगलं. मग कापडाला खांदा घासत चालू लागली, शेपूट वर. पहिला कडुनिंब, दुसरा, तिसरा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. हात जोडले. चौतीस वर्षांत शेतकऱ्याने मला हात जोडलेले पाहिले होते, हे उलटं पहिल्यांदाच.

"भाऊ, अकरा फूट जमीन गेली तुमची."

"कुठी गेली?" तो म्हणाला. "तिथंच त हाये. तुमीच मोजली."

त्याचे उपकार फेडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मोजणी तेवढी येत होती. दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन गेलो, रायमुनिया तोडली, तिरपा दगड सरळ बसवला, भोवती मुरूम ठोकला आणि दिवाळीच्या उरलेल्या चुन्याने पांढरा केला. आता तो रपट्यावरूनही दिसतो. हल्ली वस्तीतले आणखी दोघं-तिघं आपापली कुत्री घेऊन त्या वाटेला येतात. कोणी नवीन आलं की मी आधी त्याला तिथे नेतो, दगडावर हात ठेवायला लावतो आणि सांगतो, ही पांदण नाही, हे एका माणसाचं शेत आहे, जपून चाला. तोपर्यंत ती हिरव्या साडीपाशी उभी राहून माझ्या पावलांचा आवाज ऐकत असते.