केसभर कमी

मूर्तिजापूरच्या मैनाबाई गोधड्या शिवायला बसल्या की मनानं भलत्याच गावी निघून जायच्या. चुलीवर वरण करपलं तरी त्यांना पत्ता नसे.

सहासष्ट सालच्या दसऱ्याला त्यांचा लेक धर्मपाल मुंबईहून आला. तिथे तो कॉम्प्युटरला हिशोब शिकवायचा. पण घास काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"काहून रे, भाजी खारट झाली काय?"

"नाई माय. मीटरभर कापडाचे दहाव्या हिश्शाएवढे तुकडे केले तं मांगं किती उरते, असं मशीनले इचारलं. उरायले काहीच नाई पाह्यजे. पण ती मनते, नऊच तुकडे झाले अन् जवळजवळ अख्खा एक उरला. साहेब मनते, सुधरव, नाई तं घरी बस."

मैनाबाईंच्या डोळ्यांपुढे तो उरलेला तुकडा तरंगायला लागला, अळशीच्या फुलासारखा निळा.

"मले आणून देजो. गोधडीले लागते."

धर्मपाल हसला. "तो खरा नाई वं माय. मशीनले अर्ध्याचं अर्धंच करता येते. तसं अर्धं-अर्धं जोडून दहावा हिस्सा नेमका येत नाई, केसभर मोठा पडते. मंग शेवटचा तुकडा केसभर कमी भरते, अन् ती त्याले मोजतच नाई."

"केसभरच ना? मी तं ओढून बसवतो अन् पुरा धरतो."

धर्मपाल थबकला. "तसंच सांगतो तिले," तो हळूच म्हणाला.

दिवाळीआधी निरोप आला, नोकरी टिकली. मैनाबाईंना वाटलं, मुंबईत ती मशीन आता पदर खोचून कापड ओढत बसली असेल.