टेपचे दोन वेढे

महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षं पाईप फिटर होतो. आमच्या पाईपांतून जे वाहायचं ते अंगावर पडलं तर कातडी जायची. त्यामुळे जोड गळला, हे ऐकून घ्यायची मला सवय नाही. आटे दिसले की त्यावर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्यायचे, मगच नट चढवायचा. कारखान्यातला पाईप असो, घरचा नळ असो नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर असो, माझा नेम एकच. लोक खिशात तंबाखूची पुडी ठेवतात, मी टेपचं रीळ ठेवतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते सुटलेलं नाही.

माझा थोरला भाऊ मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. त्याला मी दादा म्हणतो आणि अजूनही थोडा भितो. शेठ गेल्यावर त्यांच्या मुलांनी गॅरेजात झाकून ठेवलेली एक जुनी लाल स्पोर्ट्स कार दादालाच देऊन टाकली. दोन दारं, दोन माणसांची जागा आणि पोट जमिनीला टेकलेलं. पोलादपूरजवळच्या आमच्या गावात ती आली तेव्हा लोकांनी विचारलं, "ही गाडी हाय का घोरपड?" दादा हसला नाही. शेठच्या उमेदीच्या काळात ती त्यानेच चालवली होती, धुतली होती, पुसली होती. पण प्रत्येक वेळी शेठ शेजारी असायचे. तिच्यात स्वतःच्या मर्जीने कुठे जावं, असा दिवस त्याला मिळालाच नव्हता. आंबेनळी घाट एकदा आपल्या हाताने चढायचा, एवढंच त्याचं मागणं होतं.

मागच्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, डावा हात मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी त्याला दाबायला रबरी चेंडू दिला. दादा ओटीवर बसून सकाळ-संध्याकाळ तो चेंडू दाबायचा आणि मोठ्याने मोजायचा. शंभराच्या आत थांबला असं कधी झालं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा माणूस. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मूठ तपासली आणि म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, फक्त हाताला जोर पडता कामा नये.

आणि जोर पडत होता तो नेमका तिथेच. गाडीचं पॉवर स्टेअरिंग बंद होतं. पंपापासून खाली जाणारा जाड रबरी पाईप वयाने चिरला होता, तेल भरावं तर तासाभरात अंगणात थारोळं. तेलाचा दाब नाही म्हटल्यावर स्टेअरिंग जात्यासारखं जड. मला दोन्ही हातांनी ओढावं लागे, तिथे दादाची काय कथा. तो पाईप बदलला तर दादा गाडी चालवणार, नाही बदलला तर नाही. सगळं त्या दीड-दोन हात लांबीच्या पाईपवर अडलं होतं.

वहिनीने हे माझ्या आधी ओळखलं. एकदा मी भाजी द्यायला गेलो, तर मला मागच्या दारी गाठून म्हणाली, "भावोजी, तो पाईप गावला नाय असं सांगा ना त्यांना. जुनी गाडी, पार्ट मिळत नाय, त्यांना पटंल. घाटात काय झालं तर मी काय करू?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे तिला कळू नये अशीच हलवली. पाईप मिळत नाही, हे वाक्य माझ्या तोंडून निघणं म्हणजे माझीच बेअब्रू होती. एकतीस वर्षं मी लोकांना पाईप मिळवून दिले.

महाडला हायवेच्या कडेला जेसीबी आणि डंपरचे पाईप बनवून देणाऱ्याचं दुकान आहे. भिंतीवर डोक्याच्या वर पुराची रेघ, तिच्या खाली पाईपांची वेटोळी. त्या दुकानदाराने आमचा जुना पाईप उलटसुलट केला आणि म्हणाला, "ह्याच्यासारखा नको, ह्याच्यापेक्षा चांगला बनवू. वरून स्टीलची जाळी, आतून तापलेल्या तेलाला न उकलणारा." दोन्ही टोकांना नवी फिटिंग चढवून त्याने ती मशीनमध्ये दाबली. पंपाकडचे आटे जुन्या मापाचे होते, त्यासाठी वेगळा जोड शोधून दिला. काम बघत राहावं असं होतं. मग पाईप माझ्या हातात देताना त्याने माझ्या खिशाकडे बघितलं.

"टेप लावू नका हां ह्याला."

"का?"

"ह्यात तेल आट्यावर अडत नाय. आत बघा, निमुळतं तोंड हाय. नट आवळला का तोंडावर तोंड बसतं, लोखंडावर लोखंड. आटे नुस्ते धरून ठेवायला. टेपचा तुकडा सुटला तर आत जाईल, आणि स्टेअरिंगच्या आतली भोकं सुईएवढी असतात."

मी हो हो म्हणालो. मनात म्हटलं, माझ्या निम्म्या वयाचा माणूस मला जोड शिकवतोय.

दादाकडे येऊन पाईप बसवला. आणि टेप लावली. दोन वेढे, नेहमीसारखे. खोटं कशाला सांगू, दुकानदाराचं बोलणं विसरलो नव्हतो. उलट आठवलं म्हणूनच लावली. तेल भरलं, पुढची चाकं उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, हवा काढली. एक थेंब गळला नाही. दादाने आत बसून एका बोटाने स्टेअरिंग फिरवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बोनेटच्या आड तोंड घातलं. लहानपणापासून त्याने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दादा चालवत होता, मी शेजारी. पोलादपूर सुटलं, कापडे गाव मागे पडलं, घाट लागला. दादा गुणगुणत होता. पहिली वळणं अशी घेतली की मी दरवाजाची मूठ सोडून दिली. मग एका डाव्या वळणावर गाडी मधेच अडखळल्यासारखी झाली आणि चाक कठड्याकडे गेलं. दादाने उजव्या हाताने ओढून सावरलं. पुढच्या डाव्या वळणावर तेच. उजवीकडे वळताना काही नाही, डावीकडे वळताना अडायचं. तिसऱ्या वेळी त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसला.

"हात नाय साथ देत," तो म्हणाला. "तू घे."

आम्ही जागा बदलल्या. मी गाडी वळवून उतरायला लागलो. दुसऱ्याच डाव्या वळणावर स्टेअरिंग माझ्या हातात अडलं. माझ्या दोन्ही धडधाकट हातांत. पांढरा टेपचा धागा मला डोळ्यांपुढे दिसला, इतकं स्पष्ट कळलं. दादा खिडकीतून दरीकडे बघत होता. त्याला एक वाक्य सांगायचं होतं, आणि मी ते सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याची कारणं मी त्या उतारावरच गोळा केली. वहिनी काळजीतून सुटेल. दादा सुखरूप राहील. गाडीचा नाद आपोआप जाईल. सगळी कारणं चांगली होती आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण एवढंच की दादाचं ते कालचं बघणं मला गमवायचं नव्हतं. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण वाकडं होतं, ते मी वाकडं केलं होतं, आणि नाचणारा बिचारा म्हणत होता, मलाच नाचता येत नाही.

आठ दिवस मी त्यांच्या घरी गेलो नाही. नवव्या दिवशी वहिनीच आली. म्हणाली, "चेंडू दाबत नायत. मोजणं बंद झालंय. चहाची कपबशीपण मलाच धरायला सांगतात." तिचे डोळे सुजलेले होते. "गाडी नको म्हणाले ती मीच. पण असे बसलेले बघवत नाय हो."

तेव्हा मी नट खोलायचे पाने घेऊन गेलो. गाडी अंगणातच होती. पाईप सोडला, खालचा जोड उघडला, तेल कापडावर ओतून घेतलं. त्यात पांढरे तुकडे होते. एक करंगळीएवढा लांब, बाकीचे कापसासारखे पिंजलेले. कापड तसंच घेऊन मी ओटीवर गेलो आणि दादापुढे ठेवलं.

"हात तुझा चांगला हाय," मी म्हणालो. "माझी टेप अडकली होती आत. लावू नको म्हणून मला सांगितलेलं, तरी लावली."

दादा कापडाकडे बघत राहिला. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

इथे मला "आजच" असं म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत गेलीही होती. "उतरताना," मी म्हणालो. "दुसऱ्या वळणावर."

टेपबद्दल त्याने एक अक्षर काढलं नाही. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलली ती वहिनी. दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"भावोजी, मी तुम्हाला पाईप गावला नाय म्हणायला सांगितलं होतं. त्यांचा हात गेला म्हणायला नव्हतं सांगितलं."

"मी कुठे म्हणालो?" माझ्या तोंडून गेलं.

"ते म्हणाले, आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

मी कापड उचललं आणि पुन्हा गाडीखाली शिरलो.

दोन दिवस लागले. चाकं वळवणारा स्टेअरिंगचा रॅक उतरवून साफ केला, तेलाची टाकी धुतली, पंपातून नवं तेल सोडून वाया घालवलं. दुकानदाराकडून जोडाचं तोंड पुन्हा तपासून आणलं. तो काही विचारत नव्हता, मीच सांगितलं. या वेळी नट कोरडाच चढवला. दादा पूर्ण वेळ माझ्या शेजारी उभा होता, हात मागे बांधून, कारखान्यातल्या सुपरवायझरसारखा. शेवटचा नट आला तेव्हा त्याने माझ्या हातातून पाना काढून घेतला, डाव्या हातात धरला आणि स्वतः आवळला. वेळ लागला. कपाळावर घाम आला. मी मदतीला हात पुढे केला नाही, तेवढी अक्कल मला आली होती.

सकाळी निघायच्या वेळी मी सवयीने डाव्या बाजूचं दार उघडलं. दादा आत बसला होता. त्याने माझ्याकडे न बघता घराकडे हाक मारली, "येतेस ना गो?"

वहिनी नव्या साडीत बाहेर आली. घाबरलेली होती, पण आली. त्या ठेंगण्या गाडीत तिला बसता येईना, म्हणून मी दार धरून उभा राहिलो. ती बसली, पदर सावरला आणि दोन्ही हातांनी मूठ पकडली.

"घाटात परत हात अडला तर?" तिने त्याला विचारलं.

"तर तू मला सांग," दादा म्हणाला. "तू सांगशील."