मी वाचून दाखवलेला रिपोर्ट

आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो आधी माझ्याकडे यायचा. विम्याचं पत्र, कॉलेजचा फॉर्म, एक्स-रेचा रिपोर्ट. शाळेत मी इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे लोकांना वाटायचं, बाईंना सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं.

माझी मान दुखायला लागली तेव्हा माझा रिपोर्टही मीच वाचला. त्यात 'डिजनरेशन' हा शब्द होता. मी अर्थ लावला, मणके सडत चाललेत. गळ्यात पट्टा आला आणि मान वळवणं बंद झालं. कुणी हाक मारली की मी अख्खी वळायची. व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं नातवंडं हसायचात, आठवतं?

त्याच सुमारास शेजारची शिलाईवाली तिचा रिपोर्ट घेऊन आली. तोच शब्द. तिचा नवरा पातूरकडच्या खेड्यांतून कापूस विकत घ्यायचा, पण त्या वर्षांत तो धंदा बसला होता. नवे कपडे कुणी शिवत नव्हतं. जुन्यांची दुरुस्ती मात्र ढिगाने येई, त्यावर तिचं घर चाले. मी चष्मा लावून ठामपणे सांगितलं, "मान खाली घालून बसत राहिलीस तर हात लुळे पडतील." महिन्याभरात तिने मशीन पातूरच्या नणंदेला देऊन टाकली.

चार वर्षांनी डॉक्टरांनी मला अमरावतीच्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. दर गुरुवारी एसटीने जायचं. मुलगी तुमच्या आईपेक्षा लहान. पहिल्या दोन खेपांना तिने मानेला हातही लावला नाही, नुसतं समजावलं. वय झालं की केस पिकतात, तसे मणके झिजलेले दिसतात, न दुखणाऱ्यांचेही. दुखतंय म्हणजे काही मोडतंयच असं नाही. "आजी, गल्लीतलं कुत्रं भुंकलं की दरवेळी चोर असतो का?"

तिसऱ्या खेपेला तिने पट्टा काढायला लावला आणि डोळ्यांवर आभासी देखावा दाखवणारा एक जाड काळा चष्मा बांधला. आत तळं होतं, खरंखुरं वाटावं असं. ज्या पक्ष्याकडे बघावं तो उडून दुसरीकडे बसायचा. एक निळा पक्षी माझ्या पाठीमागे गेला आणि मी त्याच्यामागे बघत गेले. नंतर तिने पडद्यावर दाखवलं, मान जवळजवळ खांद्यापर्यंत वळली होती. थोडं दुखलं होतं. बाकी काही झालं नव्हतं.

मी पट्टा पिशवीत कोंबला. तिला वाटलं, आनंदाने. मला मात्र डोळ्यांसमोर शेजारची शिलाईवाली दिसत होती. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी तिला सांगायची वाक्यं जुळवत होते आणि एकही धड जुळत नव्हतं. पुढचे आठ दिवस मी तिच्या दारावरून मान खाली घालून गेले. नवव्या दिवशी आत शिरले. ती मेथी निवडत होती.

"या बाई. चहा ठेवू?"

"नको. तुझा रिपोर्ट मी चुकीचा सांगितला होता. हात लुळे पडतील असं त्यात कुठेच नव्हतं. ते मी माझ्या मनाचं बोलले."

ती निवडतच राहिली. "चार वर्सं लोकायच्या घरी पोळ्या लाटून राहिली मी. तवा काहून नाही सांगतलं?"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

"माहीत नवतं तं तसं म्हनाचं ना! कोन मारत होतं तुमाले?"

मी अमरावतीचं सांगितलं, तिथे येतेस का विचारलं.

"पयले तुमी मान वळवून दाखवा."

वळवली. कळ आली, ती तिला माझ्या तोंडावर दिसली.

"दुखते ना?"

"दुखते."

"मंग काय फायदा?"

"दुखते, पण मोडत नाही. हे माझ्या मानेचं. तुझ्या मानेचं ती मुलगी तपासून सांगेल. मी नाही सांगणार."

पहिल्यांदाच तिने वर पाहिलं. "तपासून घेईन. पन मशीनचं काय? ननंदेची पोरगी आता तिच्यावरच शिवते. मी कोन्त्या तोंडानं मांगू?"

"मी मागते," असं मी बोलून गेले.

उद्या सकाळच्या गाडीने पातूरला निघणार आहे. त्या पोरीच्या हातचं काम काढून घ्यायचं का, की दुसरी मशीन आणून द्यायची, मला ठरवता येत नाही. दुपारपासून तीनदा पिशवी भरली आणि तीनदा रिकामी केली.