साचेवाल्याची खूण

चौदा फेब्रुवारी आली की गुणाजी परबांचं डोकं फिरायचं. लालबागच्या नाक्यावर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले गुलाब मांडलेले दिसायचे आणि चाळीचे तीन जिने चढेपर्यंत गुणाजींची बडबड सगळ्यांना ऐकू जायची.

"प्रेमाचा म्हणे दिवस! प्रेम काय बदली कामगार आहे, वर्षातून एकदा गेटावर उभं राहून हजेरी लावायला?"

ऐकू जायची, कारण त्यांना स्वतःला कमी ऐकू यायचं. संप होईपर्यंत सतरा वर्षं त्यांनी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. शेदोनशे साचे एकदम धडधडत, तिथे बोलणं कुणाच्या कानी पडणार? साचेवाले हातांनी बोलत. त्यातली एक खूण गुणाजींची लाडकी होती. डोळ्याला बोट लावायचं आणि पंजा अलगद खाली दाबायचा: तू जा, तुझा साचा मी बघतो. शेजारचा मग निवांत तंबाखू मळून यायचा.

लग्न झालं तेव्हा एका खोलीत नऊ माणसं. सासूसासऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रखमाला चोरी. तेव्हा गुणाजींनी तिला या खुणा शिकवल्या. नवी नवरी भाकऱ्या थापता थापता भुवई उडवून उत्तर द्यायची आणि सासूला पत्ता लागायचा नाही. संपात गुणाजी घरी बसले, ते बसलेच. गिरणीने परत घेतलं नाही. रखमा मसाल्याच्या दुकानात मिरच्यांचे देठ खुडायला जाऊ लागली. आगआग होणारे हात घेऊन ती दारात आली की गुणाजी डोळ्याला बोट लावून पंजा खाली दाबत आणि स्वतः भाताला आधण ठेवत. नळावर ते पोरीचे फ्रॉक धूत तेव्हा बायका हसत, तेही त्यांनी सोसलं. पुढे एका छापखान्यात दरवानाची नोकरी मिळाली आणि दिवस निघाले.

आता दोन हजार एक साल. लग्नाला तेहेतीस वर्षं झालेली. त्या संध्याकाळी ते फणफणत घरात शिरले तर सहा महिन्यांपूर्वी सासरी गेलेली त्यांची एकुलती एक लेक, सुनेत्रा, बॅग घेऊन पलंगावर बसलेली. डोळे सुजलेले.

"लवूला आज कुठला दिवस तेसुद्धा माहीत नाही," ती आईला नवऱ्याबद्दल सांगत होती. "डबा घेतला आणि गेला. ऑफिसात सगळ्या पोरींना काही ना काही आलं. मी जात नाही परत."

जावयाने मारलंबिरलं नाही ना, एवढंच आधी गुणाजींनी विचारून घेतलं. मग त्यांना चेव चढला. "एका फुलासाठी घर सोडलंस? तुझ्या आईला मी कधी फूल दिलं? काही अडलं तिचं?"

सुनेत्रा त्यांच्याकडे वळली. त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलली. "म्हणूनच, बाबा. मला तुमच्यासारखा मुका संसार नको."

गुणाजी मटकन खुर्चीत बसले. आपला संसार मुका? त्यांना तर तो गजबजलेला वाटत आला होता. पण गजबज आपल्या एकट्याच्याच डोक्यात असली तर? तेहेतीस वर्षांत हे विचारायचं सुचलं नव्हतं आणि आता विचारायची भीती वाटत होती.

रखमा स्टोव्हशी पाठमोरी उभी होती. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला.

"अगो, तुका कधी वाटला काय? मी कायतरी बोलूक व्हया होता म्हणान?"

रखमा हसून उडवून लावील, अशी त्यांची आशा होती. तिने स्टोव्ह बंद केला आणि ती त्यांच्याकडे वळली.

"वाटला तर," ती म्हणाली. "खुणा समजत होते मी. पण एकदा तरी कानांनी ऐकूक व्हया होता."

गुणाजींना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. ते बायकोच्या कानाशी वाकले आणि आपल्या समजुतीप्रमाणे कुजबुजले.

"रखमा, तू होतंस म्हणान मी जगलंय. गिरणी गेली तेव्हा जीव देऊचो, असा मनात इला होता. तू माका लय आवडतंस."

अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. शेजारच्या राधाबाईंनी टीव्ही बंद केला. गॅलरीत कुणीतरी खोकलं. रखमाने पदर तोंडाशी धरला, लाजेने की रडू आल्याने, तिचं तिलाच कळलं नसेल.

गुणाजी लेकीकडे वळले. "दिवस फालतूच आहे, हे माझं मत कायम. पण तुला काय हवं ते लवूला तोंडाने सांग. तुझी आई तेहेतीस वर्षं थांबली."

सुनेत्राने नाक पुसलं. "जेवून जाते," ती म्हणाली.

गुणाजी सवयीने भाताच्या टोपाकडे वळले. रखमाने त्यांचा हात धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं. डोळ्याला बोट लावलं आणि पंजा अलगद खाली दाबला.