बिब्ब्याचा अर्क आणि भरवेलीचा तुळशीराम

मायक्रोस्कोपखाली सगळं निळं दिसत होतं. दीक्षित साहेबांनी मला बाजूला सरकायला सांगितलं, स्वतः बघितलं, पुन्हा बघितलं आणि पेढे मागवले.

निळं म्हणजे मेलेलं. जिवंत पेशी निळा रंग आत येऊ देत नाही, मेलेली पेशी तो शोषून घेते. कॅन्सर झालेल्या पांढऱ्या उंदराच्या पोटात पाणी साठतं आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी असतात. ते पाणी सुईनं काढायचं, त्यात फळाचा अर्क मिसळायचा, थोडं थांबायचं, रंग टाकायचा आणि निळ्या पेशी मोजायच्या. आमची तपासणी एवढीच. साठीचं दशक संपत आलं होतं. एका औषध कंपनीनं बालाघाटला, स्टेशनजवळच्या भाड्याच्या घरात दीक्षित साहेबांच्या हाताखाली ही लॅब उघडली होती, कारण इथून जंगल जवळ. मी गावचीच, नागपूरहून झूऑलॉजी शिकून परत आलेली. आवळा, बेहडा, बेल, तेंदू, सगळ्यांचे अर्क तपासून झाले होते. कशानं काही होईना. बिब्ब्यानं झालं.

न व्हायला काय झालं? बिब्ब्याचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, ते पेशींना सोडतंय थोडंच! मी साहेबांना म्हटलं की हाच अर्क निरोगी पेशींवरही घालून बघू. औषध म्हणायचं तर रोगी पेशी मरायला हवी आणि निरोगी जगायला हवी. ते म्हणाले, करा की, कोणी अडवलंय? मी निरोगी उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काढल्या आणि अर्क घातला. त्याही निळ्या. मग चिडून कपडे धुवायच्या साबणाचं पाणी कॅन्सरच्या पेशींवर घातलं. तेही जालीम निघालं.

स्लाइड घेऊन साहेबांच्या खोलीत गेले तर टेबलावर हिंदी पेपर उघडा होता. बालाघाटच्या जंगलात कॅन्सरवर फळ सापडलं, अशी बातमी. पेटंटसाठी फळाचं नाव तेवढं गुप्त ठेवलेलं. आमच्याकडे बिब्ब्याची पोती उतरतात हे सगळ्या स्टेशन रोडला दिसत होतं, ते सोडा.

"साहेब, खुलासा छापायला हवा," मी म्हटलं.

"खुलासा छापला तर लोक विचारतील, आधी का छापलं? आणि आपण पेशी मेल्या एवढंच म्हटलंय. त्यात खोटं काय?"

खोटं काहीच नव्हतं. त्याचाच मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं यायला लागली. साहेब तेवढ्यात कंपनीच्या मीटिंगला नागपूरला निघून गेले. लोकांना परत पाठवायचं काम माझ्याकडे आलं. त्यांतच एक दिवस तुळशीराम आला. हा लांजीकडचा, माझ्या आईच्या माहेरचा, भरवेलीच्या खाणीत कामाला. त्याच्या बायकोच्या, कौसल्यावहिनीच्या छातीत गाठ निघाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की गाठ लहान आहे, आता काढली तर बाई वाचेल. ऑपरेशनची तारीखही दिली होती. वहिनी जायला तयार होत्या. घाबरला होता तो.

मी त्याला खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. काचेवरची पेशी वेगळी, माणूस वेगळा. हे औषध नाही. वहिनीला घेऊन नागपूरला जा. तो मान डोलवत "हौ ताई, हौ ताई" म्हणत राहिला. फळाचं नाव त्यानं विचारलं नाही. उठताना हळूच म्हणाला, "उपाशीपोटीच द्या लागत असंन, नाही?"

"दादा, द्याचंच नाही म्हणते ना मी!"

"समजलो," तो म्हणाला आणि हसला. जाताना पायरीवर एक नारळ ठेवून गेला. मला वाटलं, माणसाला पटलं. आईनं त्या नारळाची चटणी केली.

महिनाभरानं तो पुन्हा आला, चेहरा उजळलेला. वहिनीचं तोंड आतून सोललं होतं, अंगभर बिब्बा उतला होता, पाणी गिळवत नव्हतं. आणि हा मला विचारत होता, "रोग बाहीर निघून राह्यला ना, ताई?"

नागपूरची तारीख कधीच टळून गेली होती. मी ओरडलेच. "बिब्बा जहर आहे, दादा! मी तुमाले नको म्हटलं होतं! काहून दिला?"

त्याचं तोंड एकदम उतरलं. "तुमी नको म्हटलं म्हणून तं देल्लं," तो म्हणाला, आणि सायकल घेऊन निघून गेला.

घरी येऊन आईला विचारलं. तिनं कपाळावर हात मारला. आमच्याकडचा झाडपाल्याचं औषध देणारा माणूस कधीच औषध आहे म्हणत नाही. माझ्याकडे काही नाही, घरी जा, असंच म्हणतो. पैसे घेत नाही, म्हणून त्याच्या पायरीवर नारळ ठेवायचा. आणि झाडाचं नाव कोणी उच्चारायचं नाही, उच्चारलं की औषधाचा गुण जातो. साहेबांनी पेपरात नाव लपवलं, मी तोंडावर नाही म्हटलं. तुळशीरामच्या हिशेबानं आम्ही दोघंही अस्सल वैदू ठरलो होतो. मी जितकं जीव तोडून नाही म्हणत होते, तितकी त्याची खात्री पटत होती.

मी त्याच आठवड्यात दोघांना घेऊन नागपूरला गेले. डॉक्टरांनी आधी तोंडाचे आणि अंगावरचे फोड बरे करायला सांगितले. ते बरे व्हायला फार वेळ गेला. तोवर गाठ काखेत पसरली होती. ऑपरेशन झालं नाही. धान कापणीला आलं तेव्हा वहिनी गेल्या.

साहेबांची मुंबईला बदली झाली, बढतीवर. खुलासा कधीच छापला गेला नाही.

तेरवीनंतर मी भरवेलीला तुळशीरामच्या क्वार्टरवर गेले. त्यानं स्वतः चहा केला. माझ्यावर राग नव्हता त्याचा. कप पुढे करत, मला धीर द्यावा तसं तो म्हणाला, "ताई, तुमी तं जीव लावून केलं. पण त्या दिवशी तुमी नाव घेतलं. नसतं घेतलं तं वाचली असती."

 

पुढे बरीच वर्षं मी दुसऱ्या लॅबमध्ये नोकरी केली. तिथेही लोक औषध मागायला यायचे. हे औषध नाही, असं मी त्यांना सांगत बसले नाही. दवाखान्याची तारीख विचारायची आणि त्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर गाडीत बसायची.