पेवात सोडलेला दिवा

मी तोंडाची फटकळ. माहेरी म्हणायचे, हिला पाटलाच्या घरात दिली, आता पाटीलकी हीच करील. कशाची पाटीलकी घेऊन बसलात. माझ्या सासऱ्यांपुढं अख्खं गाव मान खाली घालून उभं राहायचं, तिथं माझं तोंड कुठं उघडणार.

आमचं गाव उमरीहून भोकरकडं जाताना आडबाजूला. मामंजी तिथले पाटील. चावडीत भांडण येवो, पाण्याचं येवो, बांधाचं येवो, त्यांचं एकच म्हणणं, "शंभराचं आधी बघावं, एकाचं मागनं." नुसतं बोलायचे नाहीत. माझ्या लग्नाआधी मुलखात पटकीची साथ आली होती, तेव्हा त्यांनी वेशीवर काठ्या घेऊन माणसं बसवली. बाहेरचं कुणी आत येऊ द्यायचं नाही. त्यांची सख्खी बहीण सासरच्या गावातून जीव घेऊन पळत आली, तर तिलाही अडवलं. लिंबाखाली बसवून भाकर-पाणी लांबून देत राहिले. ती तिथंच गेली. गावात मात्र एक माणूस दगावला नाही. लोक ही गोष्ट छाती फुगवून सांगायचे. ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि मामंजींचा रागही यायचा. पण नव्या सुनेचा राग चुलीपुरता.

निजामाच्या राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. खाकी कपड्यातल्या टोळ्या बंदुका घेऊन गावोगाव हिंडत होत्या. ते पोलीस नव्हते, पण पोलीस त्यांना हटकतही नव्हते. शेजारच्या एका गावात त्यांनी ओळीनं घरं पेटवलेली आम्ही आमच्या घराच्या माळवदावरून पाहिली होती. धूर दुसऱ्या दिवशीही दिसत होता.

अशात एका पहाटे माझा थोरला भाऊ परसातल्या दारातून आत आला. निजामाच्या जकातीचा नाका जाळून आला होता. मांडीत छरे घुसलेले, अंगात ताप. माझा नवरा गाडी घेऊन मुदखेडला गेलेला. घरात मी, सासूबाई आणि मामंजी.

मामंजींनी त्याच्याकडं नीट पाहिलं, मग माझ्याकडं. "एक पेव रिकामं हाय," म्हणाले. "कालच दाणे काढले. उघडं व्हतं, हवा खेळली हाय. त्यात ठेवू."

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली ज्वारीची कोठी. तोंड अरुंद, पोट मोठं. तोंडावर शिळा ठेवून गाऱ्यानं लिंपायचं. आमची पेवं गावाबाहेरच्या खळ्याजवळ एका रांगेत होती. भावाला दोरानं आत सोडलं, पाण्याचं मडकं दिलं, शिळा ठेवली. वाऱ्यासाठी एका बाजूनं फट ठेवून वर कडबा टाकला. एकच ताजं दिसू नये म्हणून मामंजींनी सगळ्या पेवांची तोंडं नव्यानं लिंपून घेतली.

हात धुताना ते मला म्हणाले, "सूनबाई, आधीच सांगून ठेवतो. गाव जळायची पाळी आली, तर ती शिळा मी माझ्या हातानं उचलीन. मागनं मला बोल लावायचा न्हाई."

ऐकताच लिंबाखालची ती बहीण डोळ्यांपुढं आली.

ऊन चढलं तशी टोळी आलीच. घरांतून सगळ्यांना बाहेर काढलं, बायकांनाही, आणि खळ्यावर उभं केलं. घरं धुंडाळून झाली. त्यांचा म्होरक्या घोड्यावर होता. त्याची नजर पेवांच्या रांगेवर गेली.

"क्या जी पटेल, सबके मुँह पे ताजा गारा कायकू?"

मामंजी म्हणाले, "किडा लागतो, हुजूर. लिंपावं लागतं."

म्होरक्या हसला. "खोलो. एक एक करके."

पहिल्या पेवाची शिळा सरकवली. आतून कोंदट, आंबूस वाफ आली. त्यांच्यातला एक तिशीतला दाढीवाला जवान पुढं झाला, बंदूक दुसऱ्याकडं दिली, आणि काठावर बसून पाय आत सोडले. शहरातला माणूस. त्याला काय ठाऊक की भरलेलं पेव उघडल्या उघडल्या आत उतरलं तर माणूस ओरडायच्या आत संपतो. आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. खळ्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, जाऊ दे मेल्याला.

मामंजी झेपावले आणि त्याचा दंड धरला. बंदुका त्यांच्यावर वळल्या, तरी त्यांनी सोडला नाही.

"उतरू नका. आत इखारी हवा हाय. मरसाल."

"बहाना है," म्होरक्या म्हणाला.

"दिवा सोडून दावतो. आत दिवा विझला, तर माणूसबी जगत न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, देवघरातला लामणदिवा आण. पेटवून आण. काडेपेटीबी आण."

घरापर्यंत जाताना माझ्या ध्यानात आलं. दिवा विझेल तिथं माणूस नाही. मग दिवा जळत राहील तिथं? ही अक्कल म्होरक्याला यायला कितीसा वेळ लागणार? देवापुढचा दिवा काढला. वाटलं, आडात टाकून द्यावा. पण बाहेर सासूबाई उभ्या, सगळं गाव उभं, लेकरं उभी. दिवा घेऊन मी निघाले. त्या क्षणी मामंजी मला कसायासारखे वाटले, आणि ते आजही लपवावंसं वाटत नाही.

दिवा दोराला बांधून पेवात सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. दाढीवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं पाय गोळा केले आणि मामंजींकडं बघत राहिला.

म्होरक्या घोड्यावरून उतरला. "अच्छा. तो जिस में दिया जलता रहे, उस में आदमी रह सकता." त्यानं दाढीवाल्याला सांगितलं, "सब में छोड़ के देख."

झालं. मी पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्या पेवात दिवा विझला. तिसरं भावाचं होतं. त्याच्या काठावर मामंजी जाऊन उभे राहिले आणि चावडीत दवंडी द्यावी तशा आवाजात बोलायला लागले, "ध्यानात ठेवा हुजूर, दिवा विझला की आत जित्तं माणूस न्हाई. दिवा विझला म्हंजे कुणी न्हाई." पुन्हा पुन्हा तेच. म्होरक्या खेकसला, "सुना, सुना, चुप बैठो." मला वाटलं, भीतीनं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

शिळा सरकवली. दाढीवाल्यानं दिवा सोडला. दोर खाली गेला, आणखी गेला. काठावरून वाकलेल्या त्याच्या चेहऱ्यावर आतला उजेड पडत होता. दिवा जळत होता. मी देवाचं नाव घ्यायचं विसरले.

मग त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

दिवा वर आला, विझलेला. पुढच्या पेवासाठी तो पेटवायला मी काडी ओढली. वात तडतडली, धरेना. ओली होती. तेल भरपूर होतं, तरी शेंड्यावर ओल होती. कुणीतरी थुंकी लावलेल्या चिमटीत ती दाबली होती.

दाढीवाल्यानं माझा हात पाहिला. वातीला बोट लावलं, बोट बोटावर घासलं. त्याला कळलं. आमच्या दोघांच्या मध्ये तो दिवा, आणि त्याच्या मागं म्होरक्या. त्यानं एकदा मामंजींकडं बघितलं. मग म्होरक्याला दिवा दिसणार नाही असा पाठ करून उभा राहिला आणि बोट पाटलोणीला पुसलं.

"बुझ गया, साब. कोई नै इस में."

मी दुसरी काडी ओढली, तिसरी ओढली. शेवटी वात धरली. पुढच्या पेवांतही दिवा विझलाच. उन्हानं म्होरक्याचं टाळकं तापलं होतं. त्यानं दोन शिव्या हासडल्या, घरातली ज्वारीची पोती गावातल्याच एका गाडीत टाकायला लावली, आणि टोळी निघून गेली. दाढीवाला सगळ्यांच्या मागं होता. त्यानं वळून बघितलं नाही.

भावाला वर काढलं तेव्हा त्याची दोन बोटं पोळलेली होती. म्हणाला, "पाटलांचा आवाज ऐकला, आन दिवा येताना दिसला. कुणब्याचं पोर हाय मी, येवढं न्हाई का कळणार." मी रडले, हसले, त्याला दोन धपाटेही घातले.

मग ओट्यावर मामंजींपुढं उभी राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना उलटून बोलले. "तो जवान मरत होता तर मरू द्यायचा होतात. त्याचा हात धरलात आणि माझ्या भावाचा गळा त्यांच्या हातात दिलात. भावाला ऐकू गेलं नसतं तर?"

"तर गेला असता," मामंजी म्हणाले.

"म्हणजे शंभराचं बघितलंत. तो मेला असता तर त्यांनी गाव जाळलं असतं, असाच ना हिशेब?"

ते हातातला रिकामा तांब्या फिरवत राहिले.

"त्यो हिशेब मागनं सुचला, पोरी. आन ओरडायचंबी मागनंच सुचलं. आधी हात गेला."

मी काही बोलणार, तेवढ्यात ते खाली बघूनच म्हणाले, "माझ्या बहिणीच्या येळी आधी हिशेब केला व्हता. म्हून हात गेलाच न्हाई."

मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी आणायला आत गेले.